अहवाल निर्दोष, तरीही भोवळ

तळपायांची आग, बोटांना मुंग्या, उठताच डोळ्यांपुढे अंधारी. नसांच्या तपासणीचा अहवाल मात्र निर्दोष. अशा रुग्णाला ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवणे अन्यायाचे आहे. नसांतील विद्युतवहन मोजणारी नेहमीची चाचणी जाड तंतूंपुरतीच असते. वेदना व उष्णता जाणणारे, घाम आणि रक्तदाब सांभाळणारे बारीक तंतू तिला दिसतच नाहीत. त्यांचा ऱ्हास त्वचेचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर कळू शकतो.

भोवळीचे मूळही कधी कधी येथेच असते. उभे राहताच रक्त पायांकडे उतरते. ते सावरण्यासाठी रक्तवाहिन्या आकसाव्या लागतात. तो आदेश नेणाऱ्या नसाच दुबळ्या झाल्या, तर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी घसरतो. म्हणून रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोन्ही वेळा मोजावा. काम थोडक्या वेळाचे, पण गर्दीच्या दवाखान्यात नेमके तेच राहून जाते.

मधुमेह, मद्य, कुष्ठरोग, ‘बी-१२’ची कमतरता (दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही) हे सारे तपासूनही अनेकांत कारण सापडत नाही. तरीही आग शमवणारी औषधे असतात, तोल सुधारणारे व्यायाम असतात. अंथरुणातून टप्प्याटप्प्याने उठावे. उकाड्यात भोवळ वाढते, तेव्हा अधिक जपावे. बधिर पावलांनी देवळाच्या तापलेल्या फरशीवर चालणे टाळावे. भाजल्याचे कळतही नाही. मात्र भोवळीसोबत बोलणे अडखळले किंवा एक बाजू लुळी पडली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.