चिखलात पाय का रुततो?

पावसाळ्यातही रोज चालण्याचा नेम पाळणाऱ्यांची चप्पल जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील भातखाचरांत हमखास अडकते. खरे तर चिखल पाय ओढत नाही. पाय उचलताना तळव्याखाली पोकळी होऊ पाहते. चिकणमातीच्या बारीक छिद्रांतून हवा-पाणी तेथे लवकर पोचत नाही. दाब घटतो आणि बाहेरची हवा वरून दाबते. म्हणून हिसका न देता टाच हलवून हवा आत घ्यावी. (आवणीला लोक अनवाणी का उतरतात, हे वर्गात विचारून पाहा.)

उतारावर हीच छिद्रे घात करतात. मुरलेले पाणी अडते, आतला दाब वाढतो, कणांची पकड सुटते. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी असेच गाडले गेले; दीडशेहून अधिक माणसे दगावली. उतारावर नवी भेग दिसली किंवा झरा अचानक गढूळला, तर तेथून तत्काळ दूर व्हावे.