पाणी साचणाऱ्या जागी फळ्यांचा ओटा

मेळघाटातील सेमाडोह हे गाव सातपुड्याच्या डोंगरांत, सिपना नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. वऱ्हाडच्या सपाटीपेक्षा येथे पाऊस अधिक पडतो. उतारावरील पाणी लवकर वाहून जाते. परंतु सखल, काळ्या जमिनीत ते अनेक दिवस साचून राहते. अशा जागी घरापुढे बसण्याउठण्यासाठी किंवा अवजारे व पोती चिखलापासून दूर ठेवण्यासाठी जमिनीलगत फळ्यांचा ओटा घालावयाचा असल्यास प्रथम पाण्याची वाट काढावी व नंतरच फळ्या विकत घ्याव्यात.

हल्ली लाकडाचा भुसा व प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या बाजारात मिळतात. त्या लाकडाप्रमाणे सहजी कुजत नाहीत व त्यांस वाळवीचा उपद्रवही कमी होतो. त्यामुळे खाली ओल राहिली तरी चालेल, असा समज होतो. तो बरोबर नाही. फळी टिकली तरी तिच्याखालच्या लाकडी तुळया कुजतात, आधार खचतात आणि ओटा डगमगू लागतो. शिवाय ओट्याखाली पाणी आठ-दहा दिवस साचले, तर डासांची पैदास होण्यास तेवढे पुरते.

जमिनीची परीक्षा : पावसाळ्यात नियोजित जागी एक फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसल्यास ती जमीन पाणी शोषीत नाही, असे समजावे. अशा जागी शोषखड्डा निरुपयोगी ठरतो. तो भरून राहतो. तेथे चर खणून पाणी सखल बाजूस बाहेरच काढले पाहिजे.

पाण्याचा निचरा : घराच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने दर 10 फुटांस 2 ते 3 इंच उतार द्यावा. वरच्या बाजूने येणारे पाणी ओट्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच चराने वळवावे. चराच्या तळाशी एकसारखा उतार ठेवून त्यात खडी भरावी व त्याचे तोंड मोकळे ठेवावे. ते शेजाऱ्याच्या अंगणात किंवा विहिरीकडे सोडू नये. शक्य तर एक पावसाळा जाऊ द्यावा. चर नीट वाहतो, अशी खात्री झाल्यावरच बांधकामास हात घालावा.

पाया व आधार : काळी माती ओलीने फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून आधारांच्या जागची माती काढून तेथे मुरूम थराथराने धुमसावा व त्यावर दगडी अथवा सिमेंटचे ठोकळे बसवावेत. तुळया मातीस टेकू देऊ नयेत. जमीन व तुळई यांमध्ये निदान 6 इंच मोकळी जागा असावी, म्हणजे वारा खेळतो. लाकडाऐवजी जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ वापरल्यास अधिक चांगले. ओटा घराच्या भिंतीस जखडू नये. जमीन फुगली की तो वरखाली होतो व भिंतीस ताण बसतो.

फळ्यांची मांडणी : दोन तुळयांमधील अंतर 16 इंचांहून अधिक नसावे, जड पोती ठेवावयाची असल्यास ते 12 इंच ठेवावे. पोत्यांची उंच थप्पी मात्र दगडी ओट्यावरच लावावी. दोन फळ्यांत पाव इंच फट ठेवावी. या फळ्या उष्णतेने लांबतात, म्हणून टोकांशीही उत्पादकाने सांगितल्याइतकी जागा सोडावी. त्या तुळई म्हणून कधीही वापरू नयेत. वैशाखाच्या उन्हात त्या इतक्या तापतात की अनवाणी पाय ठेवता येत नाही. यासाठी वर मांडव घालावा.

मेळघाट हा 1973-74 मध्ये जाहीर झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. त्यामुळे मुरूम, दगड किंवा लाकूड परवानगीवाचून जंगलातून आणू नये.

ओट्याची एक फळी काढता येईल अशी बसवावी. मृगापूर्वी ती उचलून खालचा पालापाचोळा काठीने काढावा. तेथे साप-विंचू असण्याचा संभव असल्याने हात घालू नये. मोठा पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. खाली पाणी आढळल्यास चराचे तोंड तत्काळ मोकळे करावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही पाहणी करून दाखविल्यास गरीब कुटुंबाचा पैसा चिखलात जाणार नाही.