वावळा फेब्रुवारीत मरत नाही

"ते झाड वाळलंय. कुणाच्या अंगावर पडायच्या आत काढून टाका." माघात सोसायटीच्या सभेत किंवा कारखान्याच्या आवारात हे वाक्य कानावर आलं, तर आधी झाडाखाली जाऊन वर बघावं. राखाडी खोड, उंच गेलेल्या उघड्या फांद्या आणि पान एकही नाही, असं असेल तर तो वावळा असण्याची शक्यता बरीच. या दिवसांत वावळा मेलेला नसतो, फुललेला असतो. फुलं बारकी, हिरवट-तांबूस, बिनपाकळ्यांची. खालून पाहणाऱ्याला फांद्यांवर धूळ बसल्यासारखी वाटते, आणि चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला तर धूळ खरोखरच बसलेली असते, त्यामुळे फुलोरा कुणाच्या लक्षातच येत नाही.

पुढच्या महिन्यात दुसरी फसगत होते. झाड एकाएकी पोपटी दिसू लागतं आणि लोक म्हणतात, पालवी फुटली. निदान सुरुवातीला तरी ती पालवी नसते. ती फळं असतात: रुपयाच्या नाण्याएवढ्या पातळ चकत्या, मधोमध एक बी आणि भोवती कागदी पंख. उन्हाने त्या तपकिरी होतात आणि वळवाआधीच्या वाऱ्यावर दूरवर उडतात. गावाकडची पोरं पंख सोलून आतली बी खातात. चव साधारण चारोळीची. वानरांनाही ती आवडते.

खरी पानं येतात ती याच सुमाराला. म्हणजे ऊन सर्वांत चढतं त्या एप्रिल-मेमध्ये वावळ्यावर कोवळा, दाट पर्णभार असतो, आणि थंडीत अंगावर ऊन घ्यावंसं वाटतं तेव्हा तो उघडा असतो. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते, तोवर वावळा पूर्ण भरलेला असतो. सावलीसाठी याहून सोयीचं वेळापत्रक शोधून सापडायचं नाही.

उघडा वावळा म्हणजे मेलेला वावळा, हा गैरसमज महागात पडतो तो कायद्यामुळे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 नुसार शहरातलं झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा दिला, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. पण झाड मेलेलं आहे असं अधिकाऱ्याचं मत झालं, तर परवानगी नाकारायला जागा उरत नाही. म्हणून फेब्रुवारीत आलेला अर्ज एप्रिलपर्यंत थांबवावा, निदान एखादी बारीक फांदी नखाने खरवडून बघावी, असं माझं म्हणणं. सालीखाली हिरवं आणि ओलसर लागलं तर फांदी जिवंत आहे.

वावळा एल्मच्या कुळातला म्हटलं की ऐकू येतं, "एल्म म्हणजे विलायती झाड, आपल्याकडे कुठलं?" इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांचा हा समज. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याने आपल्या वावळ्याची नोंद एल्मच्याच प्रजातीत केली होती. पुढे प्लांशाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला होलोप्टेलिया या वेगळ्या प्रजातीत घातलं, पण कुळ तेच राहिलं. वावळा एल्मचा भाऊ नव्हे, चुलतभाऊ म्हणता येईल, आणि तो अस्सल इथला आहे. उलट ज्यांना आपण बिनदिक्कत आपले मानतो ते वर्षावृक्ष आणि गुलमोहर अनुक्रमे दक्षिण-मध्य अमेरिकेतून आणि मादागास्करमधून आले.

तिकडे एल्मला केवढा मान! बोस्टनमध्ये 1765 साली ब्रिटिशांच्या मुद्रांक कराविरुद्ध लोक एका एल्मखाली जमले. त्याला स्वातंत्र्यवृक्ष नाव पडलं आणि 1775 मध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या लोकांनी तो तोडला. जुन्या लंडनमध्ये पाण्याचे नळ एल्मच्या पोखरलेल्या ओंडक्यांचे होते आणि शवपेट्याही एल्मच्याच.

आपल्या वावळ्याच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. वडाला वटपौर्णिमा आहे, पिंपळाला पार आहे. देहूत तुकाराम बीजेला नांदुरकीभोवती माणूस मावत नाही आणि आळंदीत अजानवृक्षाला हात जोडल्याशिवाय कुणी परतत नाही. वावळ्याच्या नावाने उपास नाही. आयुर्वेद त्याला चिरबिल्व म्हणून ओळखतो, लाकूड खोकी, स्वस्त फर्निचर आणि सरपणाला जातं, एवढंच. "पूजेचं नाही, म्हणजे कामाचं नाही" हा समज कुणी बोलून दाखवत नाही, पण रस्ता रुंद करताना कशाला वळसा घालायचा आणि कशावर करवत चालवायची, ते बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

सावलीबद्दलही एक आकडा फिरतो: झाडाखालची हवा दहा अंशांनी थंड असते. असं नसतं. हवेचं तापमान सहसा थोड्याच अंशांनी उतरतं. मोठा फरक पडतो तो डांबर, पत्रा, गाडीचं छत अशा पृष्ठभागांवर. सावलीतले पृष्ठभाग भर उन्हातल्या पृष्ठभागांपेक्षा 11 ते 25 अंशांनी थंड राहू शकतात. अंगाला जाणवणारा दिलासा मुख्यतः त्याचा, कारण तापलेली जमीन आणि भिंती आपल्यावर उष्णता फेकत असतात. चाकण-तळेगावच्या उद्योगपट्ट्यात काँक्रीट आणि पत्र्याची शेड यांचंच राज्य असल्याने इथे तर एकेका मोठ्या झाडाची किंमत जास्त.

मग सगळीकडे वावळाच लावू या? तेही नको. अमेरिकेतल्या गावोगावच्या रस्त्यांवर दुतर्फा एल्मच लावले होते. सालीतल्या भुंग्यांनी पसरवलेली बुरशी आली आणि रस्तेच्या रस्ते बोडके झाले. या रोगाला डच एल्म रोग म्हणतात, पण तो हॉलंडमध्ये जन्मला म्हणून नव्हे, तर तिथल्या बेआ श्वार्त्झ वगैरे संशोधक स्त्रियांनी 1920 च्या दशकात त्याचं कारण शोधलं म्हणून. मुंबईतले वर्षावृक्ष गेल्या दशकात पिठ्या ढेकणाने वाळले, त्याचंही गणित फारसं वेगळं नव्हतं.

शिवाय "देशी झाडाचा त्रास होत नाही" हाही भ्रमच. वावळ्याचे परागकण वाऱ्यावर पसरतात आणि उत्तर भारतात ते ॲलर्जीचं एक प्रमुख कारण मानले जातात. त्यामुळे दमेकऱ्यांच्या वस्तीत, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या खिडकीशी तो नको. दुभाजकातल्या वीतभर मातीतही नको, विजेच्या तारांखाली तर नकोच. कंटेनर उभे राहतात त्या तळाची कड, कारखान्याच्या भूखंडातली मोकळी सोडलेली जागा, ओढ्याचा काठ हे त्याला मानवतं. बी मे महिन्यात जमिनीवर आपसूक पडलेलं असतं. रोपाची पानं कडेला दातेरी असतात आणि मोठ्या झाडाची गुळगुळीत, तेव्हा रोपवाटिकेत दुसरंच झाड दिलं म्हणून तक्रार करू नये.