मराठी व स्पॅनिशमधील दर्शक विशेषणे आणि सर्वनामे : एक तुलनात्मक विवेचन

दर्शक शब्द वस्तूचे स्थान बोलणाऱ्याच्या संदर्भात दाखवितात. मराठीत जवळच्यासाठी ‘हा-ही-हे’ व दूरच्यासाठी ‘तो-ती-ते’ असे दोनच गट आहेत. स्पॅनिशमध्ये मात्र तीन आहेत : ‘एस्ते’ (बोलणाऱ्याजवळ), ‘एसे’ (प्रामुख्याने ऐकणाऱ्याजवळ) आणि ‘आकेल’ (दोघांपासून दूर).

समजा, गगनबावड्यातील एक व्यक्ती करूळ घाटाखालील वैभववाडीतील मित्राशी दूरध्वनीवर बोलत आहे. तिच्या दृष्टीने गगनबावडा ‘एस्ते प्वेब्लो’ (हे गाव), वैभववाडी ‘एसे प्वेब्लो’, तर दोघांपासून दूरचे राधानगरी ‘आकेल प्वेब्लो’ ठरते. मराठीत शेवटची दोन्ही ‘ते गाव’च होत. साहजिकच मराठी विद्यार्थ्याची ‘एसे’ व ‘आकेल’ यांत गल्लत होते. ‘तुझ्याकडचे ते’ आणि ‘पलीकडचे ते’ अशी फोड केल्यास भेद स्पष्ट होतो.

दुसरी अडचण नपुंसकलिंगाची आहे. मराठी ‘हे’ विशेषण म्हणून येते (हे गाव), तसेच सर्वनाम म्हणूनही (हे खरे नाही). स्पॅनिश नामे मात्र पुल्लिंगी वा स्त्रीलिंगीच असतात. ‘एस्तो, एसो, आकेयो’ ही नपुंसक रूपे केवळ सर्वनामे असून ती विधान, प्रसंग किंवा नाव न घेतलेली वस्तू दर्शवितात. म्हणून ‘हे गाव’च्या धर्तीवर रचलेले ‘एस्तो प्वेब्लो’ अशुद्ध ठरते.

इतर दर्शक सर्वनामे विशेषणांहून वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांवर आघातचिन्ह देण्याची रीत होती. स्पॅनिश अकादमीच्या २०१० च्या शुद्धलेखनग्रंथाने ते अनावश्यक मानले.

तात्पर्य, रूपांचे तक्ते पाठ करून घेण्यापूर्वी बोलणारा, ऐकणारा व वस्तू यांच्या जागा निश्चित करून घेणे अध्यापनात अधिक उपयुक्त ठरते.