वॉल्डनकाठचा जमाखर्च

अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला लेखनाचा एक विषय बहुतेकांना घ्यावाच लागतो. पुढे इंजिनिअर व्हायचं असो, नर्स व्हायचं असो की व्हायोलिन वाजवायचं असो, या वर्गात बसण्यावाचून सुटका नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये या विषयाचा पाया पक्का झाला आणि तिथून तो देशभर पसरला. वर्ग लहान असतो. व्याख्यानं कमी. वाचणं, लिहिणं आणि एकमेकांचे कच्चे खर्डे वाचून त्यावर शेरे देणं यातच वेळ जातो. निबंध एकदा लिहून टाकला की झालं, असं इथं चालत नाही.

या वर्गांच्या वाचनात काही पुस्तकं वर्षानुवर्षं ठाण मांडून आहेत, आणि त्यांचा विषय एकच: माणसाचं स्वावलंबन आणि त्याला हाक घालणारं रान. राल्फ वॉल्डो इमर्सन यांचा स्वावलंबनावरचा १८४१ सालचा निबंध, हेन्री डेव्हिड थोरोचं १८५४ सालचं ‘वॉल्डन’, आणि जॉन क्रॅकाउर यांचं १९९६ सालचं ‘इन्टू द वाइल्ड’. घर नुकतंच सोडलेल्या अठरा वर्षांच्या मुलामुलींना हे का वाचायला देतात, ते उघड आहे. स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हणजे काय, हा त्यांच्या त्या महिन्यातला रोजचा प्रश्न असतो. पण ही पुस्तकं लेखन शिकवायला इतकी उपयोगी का पडतात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांच्यात मोठमोठे दावे आहेत, आणि ते दावे तपासायला लागणारा पुरावाही त्याच पानांत पडलेला आहे.

इमर्सनच्या निबंधात दावाच जास्त. जगाच्या मताला न जुमानता आपल्या आतल्या आवाजावर विसंबा, हे ते इतक्या जोमानं सांगतात की वाचणारं तरुण मन पेटून उठतं. त्यांनी स्वतः तसं करूनही दाखवलं होतं. बॉस्टनमधलं धर्मोपदेशकाचं चांगलं पद त्यांनी १८३२ मध्ये, धर्मविधी मनाला पटत नाही म्हणून सोडलं. पहिल्या पत्नीच्या वारशातून पुढे त्यांना दरवर्षी ठरावीक रक्कम मिळत राहिली, हेही खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत, पण दोन्ही माहीत असलेला विद्यार्थी निबंध वेगळा लिहितो.

थोरोची गोष्ट मात्र तपशिलांनी भरलेली आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड या त्याच्या जन्मगावापासून पायी जाण्याच्या अंतरावर वॉल्डन नावाचं तळं आहे. त्याच्या काठी, इमर्सनच्या मालकीच्या जागेत, त्यानं १८४५ च्या वसंतात दहा फूट बाय पंधरा फुटांचं घर बांधायला घेतलं. ४ जुलैला तो तिथं राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ ला परतला. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात त्यानं घराचा सगळा खर्च मांडला आहे. फळ्या आठ डॉलर साडेतीन सेंट. त्यातल्या बऱ्याचशा रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी विकत घेऊन, ती मोडून काढलेल्या. जुन्या हजार विटा चार डॉलर. काचांसकट दोन जुन्या खिडक्या दोन डॉलर त्रेचाळीस सेंट. खिळे तीन डॉलर नव्वद. खडू एक सेंट. सगळं मिळून अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. आणि पुढे तो लिहितो की हार्वर्डमध्ये याहून जराशाच मोठ्या खोलीचं विद्यार्थ्याला वर्षाचं भाडं तीस डॉलर पडतं. शैक्षणिक कर्जाखाली दबलेली आजची मुलं हे वाक्य वाचून ताठ बसत असतील तर नवल नाही.

याच प्रकरणात तो आणखीही बरंच सांगून टाकतो. कुऱ्हाड उसनी आणली होती. घराचा सांगाडा उभा करायला ओळखीची माणसं आली होती. आणि खाण्यापिण्याचा, कपड्यांचा हिशोब देताना कपडे धुण्या-शिवण्याचा खर्च त्यात धरलेला नाही, कारण ती कामं बहुतेक बाहेर होत आणि त्यांचं बिल अजून आलेलं नाही, असं तो नोंदवतो.

या एका नोंदीवर मला थांबायचं आहे. थोरोवर गेली कित्येक वर्षं एक आरोप होत आला आहे: एकांताचे गोडवे गाणारा हा माणूस कपडे धुवायला आईकडे टाकत होता आणि जेवायला घरी जात होता, मग कसलं स्वावलंबन? कॅथरिन शुल्झ यांनी २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्याच्यावर लिहिलेला कडक लेख गाजला. वर्गात तो ‘वॉल्डन’च्या जोडीला वाचायला दिला की हमखास दोन तट पडतात. एका तटाला थोरो साधू वाटतो, दुसऱ्याला ढोंगी. दोन्ही तट पुस्तक मिटून बोलत असतात. पुस्तक उघडलं की दिसतं, आरोपातला मुख्य मुद्दा आरोपीनं स्वतःच्याच खतावणीत लिहून ठेवला आहे. ढोंगी माणूस ती ओळ गाळतो. मात्र न आलेलं ते बिल ज्या बायकांच्या नावावर होतं, त्यांच्याबद्दल तो पुढे काहीच लिहीत नाही, हा दोषही तितकाच खरा. त्याची आई आणि बहिणी गुलामगिरीविरोधी चळवळीत काम करत होत्या. कॉन्कर्डच्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संघटनेचा मेळावा १ ऑगस्ट १८४६ ला त्याच्या त्या झोपडीपाशीच भरला होता. ‘वॉल्डन’मध्ये त्याचं वर्णन नाही. लेखकानं काय सांगितलं आणि काय वगळलं, दोन्ही शेजारी ठेवून वाचायची सवय मुलांना इथं लागते, आणि या वर्गाचं खरं काम हेच आहे असं मला वाटतं.

ही सवय मुलांच्या स्वतःच्या वाक्यांवरही चालवावी लागते. अशा वर्गातल्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य हटकून येतं: थोरोनं समाजाकडे पाठ फिरवली. शेजारच्या मुलीनं समासात विचारावं, कुठं? कोणत्या पानावर? मग शोधाशोध होते आणि सापडतं की हा गृहस्थ दर एक-दोन दिवसांनी गावात चक्कर मारत होता, गप्पा ऐकत होता. त्याच्या घरात तीन खुर्च्या होत्या, माणसांनी यावं म्हणून. तळ्याच्या कडेनं आगगाडी जात होती. हिवाळ्यात तळ्यावर मजूर बर्फ कापायला यायचे. न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला बर्फ त्या काळी जहाजांतून कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबईपर्यंत जायचा, आणि थोरोनं या शहरांची नावं पुस्तकात घेतली आहेत. तिथंच तो भगवद्‌गीताही वाचत होता. दुसऱ्या खर्ड्यात ‘पाठ फिरवली’ टिकत नाही. त्या जागी ‘अंतर ठेवलं’ येतं, आणि मग किती अंतर, कशापासून, हे लिहावंच लागतं. निबंध तिथून सुरू होतो.

थोरोलाही हे खर्डे चुकले नाहीत. झोपडीतले दिवस दोन वर्षांचे, पण पुस्तक छापून यायला १८५४ साल उजाडलं. तोवर त्यानं त्याचे सात खर्डे केले, असं त्याची हस्तलिखितं तपासणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. त्याआधीच्या पुस्तकाच्या छापलेल्या हजार प्रतींपैकी सातशे सहा प्रती न खपता त्याच्याकडे परत आल्या होत्या. तरी तो लिहीत राहिला.

क्रॅकाउर यांच्या पुस्तकातला क्रिस मॅककँडलेस हा थोरो आणि टॉलस्टॉय वाचलेला मुलगा. एमरी विद्यापीठातून १९९० मध्ये पदवी घेतल्यावर त्यानं चोवीस हजार डॉलरची शिल्लक ऑक्सफॅम या मदतसंस्थेला देऊन टाकली, गाडी वाळवंटात सोडली, खिशातल्या नोटा जाळल्या आणि भटकायला निघाला. एप्रिल १९९२ मध्ये तो अलास्काच्या रानात शिरला तो दहा पौंड तांदूळ, एक हलकी बंदूक आणि काही पुस्तकं घेऊन. पायातले रबरी बूट त्याला गाडीतून सोडणाऱ्या माणसानं दिलेले होते. राहिला तो एका सोडून दिलेल्या बसमध्ये. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांसाठी ती तिथं नेऊन ठेवलेली होती. जुलैत त्यानं परतायचं ठरवलं, पण टेकलानिका नदी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यानं फुगली होती. तो माघारी फिरला. तिथून थोड्याच अंतरावर नदीवर तारेला टांगलेला, हातानं ओढायचा पाळणा होता. चांगला नकाशा जवळ असता तर तो कळला असता. सप्टेंबरमध्ये शिकाऱ्यांना त्याचा मृतदेह सापडला तेव्हा वजन जेमतेम तीस किलो उरलं होतं.

अलास्कातल्या पुष्कळांनी त्याला मूर्ख ठरवलं. वर्गातही तसं म्हणणारे निघतात, आणि त्याला नायक मानणारेही निघतात. मला वाटतं या पुस्तकातून लेखन शिकणाऱ्यानं आधी क्रॅकाउर यांच्याकडे पाहावं. मॅककँडलेस कशानं मेला याचं उत्तर त्यांनी पुन्हा पुन्हा बदललं. १९९३ च्या लेखात लिहिलं, की त्यानं खाण्याजोगी वनस्पती समजून विषारी खाल्ली. १९९६ च्या पुस्तकात म्हटलं, खाण्याजोग्या वनस्पतीच्याच बियांत विष असावं. रासायनिक तपासणीत ते विष सापडलं नाही. मग त्यांनी आणखी तपासण्या करवल्या आणि २०१३ व २०१५ मध्ये आपलं म्हणणं पुन्हा दुरुस्त केलं, जाहीरपणे, छापून. टीकाकारांचं अजूनही समाधान झालेलं नाही. पण प्रसिद्ध पुस्तकाचा लेखक वीस वर्षं आपलाच मुद्दा खोडून नव्यानं मांडत बसतो, हे शेरे बघून हिरमुसणाऱ्या विद्यार्थ्याला दाखवावं असं उदाहरण आहे. ती बस बघायला जाताना त्याच नदीत २०१० आणि २०१९ मध्ये दोन तरुणी बुडाल्या. शेवटी जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरनं ती बस उचलली; आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठ संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

या सगळ्यात रान म्हणजे रिकामी जागा असं गृहीत धरलेलं असतं. विल्यम क्रोनन या इतिहासकारांनी १९९५ मध्ये त्यावर बोट ठेवलं: माणसाचा स्पर्श न झालेलं रान ही माणसांनीच घडवलेली कल्पना आहे, आणि अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकून ‘निर्जन’ झाली. वॉल्डनचंही तसंच. गुलामगिरीतून सुटलेली काळी माणसं थोरोच्या आधी त्याच रानात झोपड्या करून राहिली होती, कारण दुसरीकडे त्यांना कुणी जागा देत नव्हतं. त्यांची नावं थोरोनं एका प्रकरणात आठवणीनं नोंदली आहेत. रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्येच बजावलं होतं, की रानाची ही अमेरिकी कल्पना भारतात उचलून आणली तर तिची किंमत जंगलात राहणारा गरीब माणूस मोजतो. मेळघाटातल्या कोरकू गावांच्या पुनर्वसनाच्या बातम्या वाचलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि थोरो मराठीत पूर्वीच येऊन गेला आहे. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावानं. त्या स्वतः मध्य भारताच्या जंगलांत आदिवासींमध्ये राहून अभ्यास करून आलेल्या. रान म्हणजे काय आणि त्यात माणसं कशी राहतात, हे त्यांनी पुस्तकाबाहेर पाहिलेलं होतं. कर न भरल्याबद्दल थोरोनं १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. आणीबाणीत दुर्गाबाई १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून तिच्याविरुद्ध बोलल्या आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या. थोरोचं त्यांनी काय घेतलं, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला देता येणार नाही.

आपल्या कॉलेजांत मराठीच्या तासाला हे पुस्तक लावायला कुणाची हरकत नसावी. फक्त मुलांना ‘थोरोचे विचार’ असा दहा गुणांचा प्रश्न घालू नये. पहिलं प्रकरण द्यावं, कागद-पेन्सिल द्यावी, आणि या माणसानं कुणाकुणाकडून काय काय घेतलं ते लिहून काढायला सांगावं. ज्यांचं कॉलेज संपून गेलं आहे त्यांनी गावातल्या जुन्या वाचनालयात दुर्गाबाईंचा अनुवाद मागून पाहावा. पहिलं प्रकरण सगळ्यांत लांब आहे आणि पुष्कळ वाचक ते ओलांडून थेट तळ्याच्या वर्णनाकडे जातात. तसं करू नका.