टेराकोटा दागिन्यांची छोटी मालिका : आराखड्यापासून किमतीपर्यंत

एक सुंदर कानातले बनवणे आणि विक्रीसाठी कानातल्यांची मालिका बनवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात हात चांगला असला की भागते. दुसऱ्यात तेच कानातले विसाव्या वेळीही तसेच आणि तेवढ्याच वेळात बनले पाहिजे, शिवाय विकल्यावर बनवणाऱ्याच्या पदरात काही पडले पाहिजे. हा फरक आपण टेराकोटाच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या दागिन्यांवरून समजून घेऊ. माध्यम फार जुने आहे. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर मातीच्या बांगड्यांचे तुकडे मोठ्या संख्येने सापडतात. भांडवल कमी लागते, म्हणून अनेक विद्यार्थी येथूनच सुरुवात करतात आणि त्यातले बरेच जण नकळत तोट्यात विकतात.

मालिकेचा आराखडा

सुरुवातीला पाच-सहा प्रकार पुरेत. ते एका घरातले दिसले पाहिजेत. त्यासाठी एकच आकार निवडून तो धरून ठेवावा. समजा पिंपळपान निवडले, तर लहान पान टॉप्सला, मध्यम पान लोंबत्या कानातल्याला, मोठे पान पदकाला आणि पानाच्या शिरांची नक्षी मण्यांवर वापरता येईल. रंग दोन किंवा तीनच ठेवा. एकच साचा दोन प्रकारांत वापरता आला तर वेळ वाचतो.

माती, माप आणि वजन

ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते. किती आकसते हे मातीवर अवलंबून असते, म्हणून पुस्तकातला आकडा न वापरता स्वतः मोजावे. मातीची पट्टी करून तिच्यावर १०० मिलिमीटरची रेघ ओढा, पट्टी वाळवून भाजा आणि रेघ पुन्हा मोजा. ती ९१ मिलिमीटर भरली तर आकसणे ९ टक्के आहे. मग तयार पान ३० मिलिमीटरचे हवे असल्यास ओले पान ३० भागिले ०.९१, म्हणजे सुमारे ३३ मिलिमीटरचे कापावे. तारेसाठीचे भोकही आकसते. ते नेमके तारेएवढे ठेवले तर भाजल्यावर तार आत जात नाही आणि सुईने कोरायला गेले की पान दुभंगते.

वजनाचा विचार आराखड्यातच करावा, कारण कानाची पाळी ते दिवसभर सोसणार असते. भाजलेल्या मातीचे वजन दर घन सेंटिमीटरला साधारण १.८ ग्रॅम धरू. ४० मिलिमीटर व्यासाची, ४ मिलिमीटर जाडीची चकती सुमारे ९ ग्रॅम भरते. ३० मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची चकती ४ ग्रॅमच्या आत राहते. दिसायला फरक थोडा, पण वजन निम्म्याहून कमी.

कानात जाणारा आकडा स्वस्त घेऊ नका. हलक्या मुलाम्याखालच्या निकेलमुळे अनेकांच्या कानाला खाज सुटते. असे गिऱ्हाईक परत येत नाही.

भाजणे

नग सावलीत, वर कागद झाकून सावकाश वाळवावेत. घाई केली की पाने कडेने वळतात. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होऊन नग फुटतो. टेराकोटा साधारण ९०० ते १,००० अंश सेल्सिअसला भाजतात. स्वयंपाकघरातल्या ओव्हनचे हे काम नाही, त्यात माती फक्त वाळते. जवळच्या कुंभाराच्या भट्टीत जागा मागणे हाच बहुधा उत्तम मार्ग. रंगवण्याआधी खेपेतला एक नग रात्रभर पाण्यात ठेवा. तो मऊ पडला किंवा विरघळू लागला, तर ती खेप कच्ची आहे आणि विकायची नाही.

किंमत

विद्यार्थ्यांचा नेहमीचा हिशेब असा असतो : माती, रंग व भट्टी मिळून १० रुपये, आकडे व वेष्टन १५ रुपये, म्हणजे २५, दुप्पट करून ५० रुपयांना विकू. आता एक काल्पनिक खेप नीट मांडून पाहू. २० जोड घडवायला घेतले. माती, रंग व भट्टीचे २०० रुपये झाले. सगळे मिळून १० तास लागले. तासाला ८० रुपये धरले तर ८०० रुपये. वळणे, तडकणे यांत तीन जोड गेले. म्हणजे हे १,००० रुपये उरलेल्या १७ जोडांवर पडले : जोडामागे सुमारे ५९. त्यात आकडे व वेष्टनाचे १५ मिळवले की ७४ रुपये. पन्नासला विकणारी मुलगी प्रत्येक जोडामागे २४ रुपये स्वतःच्या श्रमातून देत असते. तास मोजलेच नसल्यामुळे तिला ते दिसत नाही.

दुकानात ठेवल्यास दुकानदाराचा वाटा येतो. तो ३० टक्के असेल तर नुसता खर्च निघायला छापील किंमत १०६ रुपये हवी. १३० रुपये ठेवली तर हाती ९१ येतात आणि १७ रुपये पुढच्या खेपेला उरतात. हा भाव बाजारात चालणार नाही असे वाटले, तर मजुरी शून्य धरू नये. आराखड्याकडे परत जावे. कोरीव शिरांऐवजी खऱ्या पानाचा ठसा घेतला आणि १० तासांचे ७ झाले, तर त्याच जोडाचा खर्च ७४ वरून साधारण ६० रुपयांवर येतो.