रामदास बोट : 11 वर्षांची सेवा, तासाभरात शेवट; काय घडले होते 1947 मध्ये?

बीड : आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही मुंबईच्या समुद्रात बुडालेल्या एका बोटीच्या नावाचे मूळ आपल्या शेजारी आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब शेजारच्या जालना जिल्ह्यात. त्यांच्याच नावाची ही छोटी प्रवासी बोट.

बोट कुणाची होती?
इंग्रजी कंपन्यांना टक्कर देण्यासाठी स्वदेशी चळवळीतून एक सहकारी बोट कंपनी उभी राहिली. कोकणातले लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. या कंपनीच्या बोटींना संतांची नावे असत. ‘रामदास’ 1936 मध्ये इंग्लंडमध्ये बांधली गेली. कोकणात धड रस्ते नव्हते तेव्हा चाकरमानी, व्यापारी अशाच बोटींनी ये-जा करत.

17 जुलै 1947 ला काय झाले?
आषाढ अमावस्येचा दिवस. स्वातंत्र्याला 29 दिवस उरले होते. सकाळी आठच्या सुमारास सुमारे 700 जणांना घेऊन बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. वाटेत वादळी पावसाने गाठले. लाटा आत येऊ लागल्या, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. 600 हून अधिक जणांचा मृत्यू झाला.

मदत का पोहोचली नाही?
बोटीवर बिनतारी संदेश यंत्रच नव्हते. मुंबईला कळायला कित्येक तास गेले. वाचलेला एक मुलगा पोहत मुंबईला पोहोचला, तेव्हा दुपार झाली होती. रेवसकडून मासळी घेऊन निघालेल्या कोळी बांधवांनी मासळी समुद्रात फेकून दिली आणि होड्यांत माणसे घेतली.

माणसे धावल्याने बोट कशी उलटते?
बोट थोडी कलली की त्या बाजूचे पाणी तिला वर ढकलते आणि ती पुन्हा सरळ होते. मात्र कललेल्या बाजूलाच वजन गेले तर हा जोर अपुरा पडतो. माणशी 50 किलो धरले तरी 700 जणांचे वजन 35 टन होते, म्हणजे जवळपास उसाने भरलेले दोन ट्रक. वळणावर कललेली उसाची ट्रॉली आपण पाहतो. तिथे ऊस निदान बांधलेला असतो. बोटीतली माणसे मोकळी असतात. एकदा पाणी आत शिरले की तेही खालच्या बाजूलाच साचते आणि बोट सावरत नाही.

धडा घेतला का?
1927 मध्ये ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी कोकण किनाऱ्यावर एकाच दिवशी बुडाल्या होत्या. तरी वीस वर्षांनी ‘रामदास’ संदेश यंत्राविना निघाली. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. 15 जणांचा बळी गेला, त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. प्रत्येक वेळी नियम आले ते माणसे गेल्यावर.

तुम्ही काय कराल?
सहलीला घारापुरी किंवा अलिबागला जाताना जॅकेट आधी अंगात घाला, मग सेल्फी. बोट गच्च भरली असेल तर पुढच्या बोटीने जा. आणि बोट हलली तर जागा सोडून एका बाजूला धावू नका.